सड्यावरची वस्ती आणि मधला गडगा

अध्यक्ष, संयोजक आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘आपलं उपनगर : इतिहास आणि स्वभाव’. इतिहास सांगायचाच आहे. पण वस्तीचा स्वभाव कुठे बघायचा याबद्दल माझं एक ठाम मत आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना चहा होईपर्यंत उत्तर तयार करता येईल. वस्तीचा स्वभाव देवळात कळत नाही, गणपतीच्या मांडवात कळत नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. दोन घरांच्या मध्ये काय आहे ते बघावं. गडगा (नुसते दगड रचून घातलेली बुटकी भिंत) आहे की कंपाउंड वॉल, बस्स. बाकीचं मग आपोआप कळतं.

थोडी पार्श्वभूमी, तुम्हाला माहीत असलेलीच. रत्नागिरी हे दोन मजली गाव आहे. खालचा मजला समुद्राकडचा: मांडवी, राजिवडा, पेठकिल्ला, झाडगाव, खालची आळी. वरचा मजला सड्यावरचा, म्हणजे कड्यावरच्या सपाट कातळावरचा, आपला: माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, आणि पुढे नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी. गाव आधी खाली वसलं, वर फार उशिरा आलं. का, तर कुणी म्हणतं बंदरामुळे, कुणी म्हणतं बाजारपेठेमुळे. तीही कारणं आहेतच, पण सगळ्यात मोठं कारण पाणी.

सड्यावर जांभ्याचा, म्हणजे आपल्या लाल दगडाचा, जाड थर आहे. जांभा सच्छिद्र. त्याच्याखाली पांढरट-जांभळट चिकण माती, तिच्यातून पाणी सहसा उतरत नाही. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, चिकण मातीवर येऊन थांबतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यावाटे बाहेर पडतं. म्हणजे पाऊस पडतो आपल्या डोक्यावर आणि पाणी पितात खालच्या आळीवाले. (हशा) हसू नका, मेमध्ये टँकर कुणाच्या दारात उभा असतो ते आठवा.

बरं, पाऊस काही थोडाथोडका नाही. वर्षाला सव्वातीन-साडेतीन हजार मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाचे झाले तीन लाख लिटर. पन्हळीतून सांडलं, उडालं, पहिल्या सरीचं सोडून दिलं असं धरून पंधरा टक्के वजा करा, तरी अडीच लाखांच्या वर राहतं. हे नुसतं छपराचं. अंगण, परसू, रस्ता अजून धरलेला नाही. एवढं पाणी चार महिन्यांत डोक्यावरून जातं आणि मार्चला विहिरीच्या तळाशी बेडूक दिसायला लागतो.

या पाण्याला थोडा वेळ थांबवून ठेवणारी एक गोष्ट प्रत्येक दोन घरांच्या मध्ये होती. आता आलो गडग्यावर.

गडगा घालणं हे वाटतं तितकं अडाणी काम नाही. आधी माती बाजूला करून कातळ उघडा करायचा. सड्यावर तो बऱ्याच ठिकाणी वीतभर, फार तर हातभर खाली मिळतो. तळाला रुंदी अडीच फूट, माथ्याला दीड फूट, उंची चार फूट. दोन्ही बाजूंना मोठे दगड, तोंड बाहेर आणि कल किंचित आत. मधल्या पोकळीत बारीक चिपा. दर तीन-चार फुटांवर एक लांब दगड आडवा टाकायचा, जो दोन्ही अंगांना धरून ठेवतो. तो टाकला नाही तर दोन पावसाळ्यांत गडग्याची दोन अंगं एकमेकांपासून फारकत घेतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिपांऐवजी आत माती भरणं. स्वस्त पडतं, लवकर होतं. पण माती पावसात फुगते, गडग्याला पोट येतं, आणि पोट आलेला गडगा ऑगस्टमध्ये हमखास आडवा होतो.

हिशेब सांगतो. शंभर फूट लांब, चार फूट उंच, सरासरी दोन फूट रुंद. आठशे घनफूट, म्हणजे आठ ब्रास. त्यातला सुमारे पाव भाग पोकळ, आणि ती पोकळी हेच गडग्याचं खरं काम. वरच्या अंगाने आलेलं पाणी गडग्याशी अडतं, त्याचा वेग मरतो, गाळ मागे बसतो आणि स्वच्छ पाणी दगडांमधून पलीकडे जातं. थांबलेलं पाणी जमिनीत मुरायला वेळ मिळतो. सिमेंट नाही, पाइप नाही, देखभालीचा करार नाही. पावसाळ्याआधी ढासळलेले चार दगड परत लावायचे, एवढंच. ते काम दोन्ही घरांनी मिळून केलं तर अर्ध्या दिवसाचं, आणि ते करताना बोलणं भाग पडतं. अबोला असला तरी ‘तो दगड इकडे द्या’ एवढं तरी म्हणावंच लागतं.

शिवाय गडग्याला बेडं असायचं. दोन बाजूंच्या खांबांना भोकं आणि त्यात सरकवलेले बांबू. गुरं आत येऊ नयेत पण माणसाने यावं, असं ते दार. फाटकाला लॅच असतं, कॅमेरा असतो, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी असते. कित्येक ठिकाणी कुत्रा नसतोच, नुसती पाटी. माणसापासून सावध राहा असं सरळ लिहायला जड जातं, म्हणून कुत्र्याचं नाव.

इथे कुणीतरी उठून सापाबद्दल विचारणार. विचारा. गडग्यात साप राहतात, हे खरं आहे. घोणसही राहते. पण साप गडग्याकरता येत नाही, उंदराकरता येतो, आणि उंदीर येतो तो आपण गडग्याला टेकवून ठेवलेल्या लाकडांकरता, नारळाच्या सोडणांकरता आणि उष्ट्याकरता. गडग्यापासून तीन फूट जागा साफ ठेवा, गवत काढा, रात्री बॅटरी घेऊन चाला. सिमेंटची भिंत बांधून साप गेला असं कुठल्याही वसाहतीत झालेलं नाही, तो फाटकाखालून येतो.

मग गडगा गेला का? जागेच्या भावामुळे, दुसरं काही नाही. गडग्याचा तळ अडीच फूट, भिंत नऊ इंच. शंभर फूट लांबीत पावणेदोनशे चौरस फूट वाचतात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. चार बाजूंनी धरा आणि साळवी स्टॉपच्या भावाने गुणा. माणूस भिंत बांधणारच, त्याला दोष देत नाही. दोष देतो तो भिंत कशी बांधतात याला.

एका वसाहतीतली गोष्ट सांगतो. नाव नको, इथे अर्धी सभा तिथलीच असेल. उतारावरची जागा. वरच्या अंगाला जुन्या बागेचा तुकडा, कलमं उभी. खालच्या अंगाला पाच गुंठ्यांचा प्लॉट, त्यात नवीन बंगला. मध्ये जुना गडगा, आणि गडग्याच्या एका कोपऱ्यातून पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, वाहायचा. बारा महिन्यांतले आठ महिने तिथे पाणी नसतं, त्यामुळे प्लॉट बघायला जो माणूस जानेवारीत येतो त्याला पऱ्या दिसतच नाही. बंगल्याच्या मालकांनी गडगा काढला, त्याचेच दगड भरावाला टाकले आणि ऐंशी फुटांची, पाच फूट उंच, सहा इंची चिऱ्याची (जांभ्याच्या कापीव दगडाची) भिंत उभी केली. पाया फूटभर, तोही भरावातल्या लाल मातीत. गवंड्याने विचारलं, ‘खाली भोकं ठेवू का?’ मालक म्हणाले, ‘शेजाऱ्यांचं पाणी आपल्याकडे कशाला?’

जुलै आला. पऱ्याचं पाणी भिंतीमागे थांबलं. आता थांबलेल्या पाण्याचा जोर किती असतो बघा. भिंतीमागे एक मीटर पाणी असेल तर दर मीटर लांबीवर पाचशे किलोचा रेटा. दोन मीटर झालं तर दुप्पट नाही, चौपट, दोन टन. सहा इंची चिऱ्याची जुडाई असला आडवा रेटा सोसण्यासाठी नसतेच. त्यातून पाया भिजलेल्या मातीत. तिसऱ्या दिवशी पहाटे पन्नास फूट भिंत आडवी झाली, मालकांच्याच नव्या स्कूटरवर. मालकांचं म्हणणं, वरच्यांनी पाणी सोडलं. वरच्यांचं म्हणणं, पाणी आजोबांच्या वेळेपासून तिथूनच जातं.

भिंत पुन्हा बांधली, या वेळी नऊ इंची आणि आरसीसीचे खांब देऊन. पडली नाही. झालं असं की वरच्यांच्या कलमांच्या बुंध्यात पाणी तुंबलं, आणि तुंबलेल्या पाण्यात आंब्याचं मूळ कुजतं. दोन कलमं वाळली.

आता कायदा. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६. शेतीच्या, बागेच्या जमिनीवरून नैसर्गिक वाहणारं पाणी किंवा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. वकील नसला तरी चालतं. तहसीलदार जागेवर येऊन बघतो आणि अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. एकच अट, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वरच्या बागवाल्यांना हे सगळं माहीत होतं. पण जुलैत म्हणाले गणपतीनंतर बघू. गणपतीनंतर म्हणाले दिवाळी होऊन जाऊदे. दिवाळीनंतर मोहोर आला, फवारणी आली. फवारणी उरकून फाइल काढली तर सातवा महिना चालू. मग दिवाणी कोर्ट. दावा चालूच आहे आणि दोन्ही घरची मंडळी एकमेकांना बाजारात बघून फुटपाथ बदलतात. आपल्याकडे फुटपाथ आहे तिथे, म्हणजे फार ठिकाणी नाही.

गवंड्याचं ऐकलं असतं तर काय खर्च होता? दर पाच फुटांवर, जमिनीच्या किंचित वर, तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा. ऐंशी फुटांना सोळा तुकडे. पाइपच्या मागे घमेलंभर खडी, म्हणजे माती येऊन तोंड बुजत नाही. पाया कातळापर्यंत. आणि जिथे पऱ्या आहे तिथे भिंतच नको, लोखंडी जाळी, पऱ्याच्या पूर्ण रुंदीची. दरवर्षी मेच्या शेवटी जाळीतला पालापाचोळा काढायचा. सगळं मिळून खर्च त्या स्कूटरच्या दुरुस्तीपेक्षा कमी.

पाण्यासारखीच वाटेची गोष्ट. पाणंद. सातबारा उघडून त्यात पाणंद शोधू नका, ती गाव नकाशात असते. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एका तुटक रेषेने, सव्वाआठ फूट. सव्वाआठ! इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या मागीलदारची पायवाट आज सव्वाआठ फूट आहे? दोन्हीकडून भिंती एकेक फूट पुढे सरकल्या, मग कुणी तुळशीवृंदावन पुढे आणलं, कुणी मोटरची खोली, आणि आता गॅसचा सिलिंडर तिरका करून न्यावा लागतो. नकाशावर नसलेल्या वहिवाटीलाही आधार आहे. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा, मुंबई इलाख्याला तो १८९१ पासून लागू झाला. वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापर असेल तर हक्क तयार होतो. मात्र ‘जा हो, जा’ असं मालकाच्या परवानगीने गेलात तर होत नाही. म्हणजे सज्जन शेजाऱ्याची वाट कायद्याने लवकर बंद होते. असो, हा विषय काढला तर रात्र पुरायची नाही.

पालखीचं मात्र सांगतो. श्रीदेव भैरी बारा वाड्यांचा ग्रामदेव. शिमग्यात त्याची पालखी देवळातून निघते, झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, येते, पोलीस सलामी देतात, हे आपण सगळे बघतो. आसपासच्या गावांतून ज्या पालख्या घरोघर फिरतात त्यांच्या वाटा बघा. पालखी नाचवायची तर खांदेकऱ्यांना मागे-पुढे आणि वळायला दहा-बारा फूट मोकळी जागा लागते. पूर्वी ती एका खळ्यातून (अंगणातून) बेडं काढून दुसऱ्या खळ्यात जायची. आता फाटक, मग डांबरी रस्ता, मग दुसरं फाटक. तेवढ्याच घरांना दुप्पट वेळ. मग मानकरी म्हणतात, या लायनीला रस्त्यावरच ओट्या भरून घ्या. आणि आपण म्हणतो, हल्ली पूर्वीसारखं राहिलं नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू करायला हवा.

इतिहास भराभर. दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं आधी बाणकोटला होतं, १८२२ मध्ये ते रत्नागिरीला आलं. नगर वाचनालय १८२८ चं, नगरपालिका १८७६ ची. कचेऱ्या आल्या तशी साहेबांची बंगलेवस्ती वाऱ्याच्या जागी, कड्याच्या कडेने वर सरकली. विहिरीवरून पाणी भरायला नोकर असले की सडा परवडतो. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये इथे आणला गेला, त्याला भाट्याच्या खाडीवर बघणारा राजवाडा मिळाला १९१० मध्ये. चोवीस वर्षं लागली. राजाला चोवीस, तर आपला सातबारा वेगळा व्हायला तेवढी लागली म्हणून तक्रार करू नये. बिचारा सहाच वर्षं राहिला त्यात, १९१६ ला वारला.

साध्या माणसाला सडा खुला झाला तो नळाने. पानवल धरणाचं पाणी उताराने आपोआप यायचं, पुढे शीळ धरणाचं पंपाने आलं. नळ आला की विहिरीची अट संपली आणि कातळावर प्लॉट पडायला लागले. कॉलेज १९४५ चं, त्याच्यामागून प्राध्यापक, शिक्षक, मग एसटीचे, बँकेचे, सरकारी कर्मचारी. पुढे औद्योगिक वसाहत. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि स्टेशन गावापासून दूर, कुवारबावच्या बाजूला आलं. त्यानंतरची वाढ तुमच्या डोळ्यांदेखतची आहे. एकीकडे आंब्याच्या बागा, दुसरीकडे फ्लॅट, मधून मिऱ्या-नागपूर महामार्ग.

आता स्वभाव. आपली वस्ती शांत आहे असं सगळे कौतुकाने म्हणतात. संध्याकाळी साडेसातला फिरून किती खिडक्यांत दिवा आहे बघा. बरेच फ्लॅट मुंबईकरांचे, गणपतीला आणि मेमध्ये उघडणारे. बरीच घरं फक्त म्हाताऱ्या जोडप्यांची. ही शांतता अर्धी स्वभावाची आहे, अर्धी कुलपाची. कुलपाच्या शांततेचे प्रश्न वेगळे असतात. बंद फ्लॅटची टाकी भरून वाहिली तर बंद कुणी करायची? सोसायटीची सभा गणसंख्येअभावी तहकूब होते, तर सभा गणपतीत का ठेवत नाही? तेव्हा सगळे इथेच असतात.

दुसरी गंमत म्हणजे आपला पत्ता रत्नागिरी आणि घरपट्टी ग्रामपंचायतीची. शहराच्या गरजा आणि खेड्याची तरतूद. गटार कुणाचं, कचरा कुणाचा, हे ठरेपर्यंत जून उजाडतो. मैल्याचा शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीपासून निदान साठ फूट लांब हवा, कारण जांभ्याच्या भोकांतून घाण न गाळता पुढे सरकते. पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर साठ फूट काढायचे कुठून? चार घरांनी मिळून जागा निवडली तर निघतात. आपापल्या भिंतीच्या आत बसून निघत नाहीत. भिंतीवर मी का अडून बसलो होतो ते आता लक्षात येईल.

दोन मिनिटांत करण्यासारखं. एक, भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या भागाच्या गाव नकाशाची नक्कल काढा. जाताना गट नंबर लिहून न्या, नाहीतर खेप फुकट. दोन, नकाशावरचे पऱ्ये आणि पायवाटा रंगीत पेन्सिलीने गिरवा आणि जुन्या माणसांना घेऊन एकदा चालून या. तीन, पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तीच फेरी पुन्हा मारा आणि पाणी कुठे अडतंय त्याचे मोबाइलवर तारखेसकट फोटो काढा. तो सहा महिन्यांच्या मुदतीचा पुरावा आहे. चार, ज्यांच्या भिंती उभ्याच आहेत त्यांनी पाडायची गरज नाही. कोअर कटिंगवाला तीन इंची भोक भिंत न हादरवता पाडून देतो, पाच-सहा घरांनी एकत्र बोलावलं तर एका दिवसात सगळ्यांचं होतं. भोक उताराच्या सर्वांत खालच्या टोकापासून सुरू करा, वरून नको. आणि पाडण्याआधी पलीकडच्या घरी जाऊन सांगा की अमुक दिवशी पाणी तुमच्याकडे येणार आहे, तुमच्या बाजूला चर खणून ठेवा. चराची रुंदी फूटभर, खोली फूटभर, तळाला खडी, आणि शेवट गटारात नको, माडाच्या आळ्यात.

अध्यक्ष उभे राहिले, म्हणजे झालं. सापाचे प्रश्न ज्यांचे राहिलेत त्यांनी चहाच्या वेळी भेटा.